सुकाणूवर डॉक्टर

शिडाच्या जहाजांवरच्या इंग्रजी कादंबरीमालिका वाचताना एक शंका हमखास येते: हे जरा अतीच झालं नाही का? एवढंसं जहाज, आणि ते दुपटीहून मोठ्या शत्रूला पकडून आणतं! गंमत अशी, की नेमका तोच भाग बहुतेक वेळा खरा निघतो.

6 मे 1801. बार्सिलोनाजवळच्या समुद्रात ब्रिटिश आरमाराचं ‘स्पीडी’ आणि स्पेनचं ‘गामो’ यांची गाठ पडली. स्पीडीवर 14 तोफा, त्याही चार पौंडी. एका बाजूच्या सगळ्या तोफांचे गोळे खिशात घालून मी डेकवर फिरू शकतो, असं कप्तान टॉमस कॉक्रन म्हणे. हिशेब करा: सात गोळे, 28 पौंड, म्हणजे तेरा किलोसुद्धा नाही. माणसं 54. गामोवर 32 तोफा, 319 माणसं.

कॉक्रननं आधी अमेरिकेचा झेंडा चढवून समोरच्यांना बुचकळ्यात टाकलं आणि मग थेट गामोला जाऊन भिडला. इतकं खेटून, की स्पॅनिश गोळे डोक्यावरून निघून जात. शेवटी झाडून सगळे खलाशी गामोवर चढले. स्पीडीच्या सुकाणूवर उरला एकटा डॉक्टर, जेम्स गथ्री. वर हातघाई चालू असताना कॉक्रननं गामोचा झेंडा उतरवायला लावला. आपल्याच अधिकाऱ्यांनी हार मानली असं समजून स्पॅनिश खलाशांनी हत्यारं टाकली.

याच कॉक्रनच्या हाताखाली 1806 साली ‘इम्पीरियस’ जहाजावर एक 14 वर्षांचा पोरगा शिकाऊ अधिकारी म्हणून रुजू झाला: फ्रेडरिक मॅरियट. पुढे त्यानं कादंबऱ्या लिहिल्या आणि हा सगळा प्रकार रुळला तो तिथून. पाहिलेलंच लिहीत होता, त्यामुळे कल्पनेवर फार ताण नव्हता.

शंभर वर्षांनी इंग्रज कादंबरीकार सी. एस. फॉरेस्टरना जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या काळच्या आरमारी नियतकालिकाचे खंड मिळाले. 1937 मध्ये त्यांचा कादंबरीनायक, आरमारी कप्तान हॉर्नब्लोअर आला. 1966 मध्ये फॉरेस्टर वारले आणि त्यांची जागा घेईल असा लेखक शोधताना एक अमेरिकी प्रकाशक पॅट्रिक ओब्रायन यांच्यापर्यंत पोचला. ओब्रायननी पहिल्याच कादंबरीत गामोची लढाई नावं बदलून घेतली, सुकाणूवरच्या डॉक्टरसकट. कप्तान ऑब्री आणि डॉक्टर मॅट्युरिन ही जोडी मग 20 कादंबऱ्या चालली. हॉर्नब्लोअर एकटा कुढतो. ऑब्रीला बोलायला माणूस आहे. माझ्या मते ओब्रायन सरस ठरतात ते इथे. 1814 मध्ये नेपोलियन मेल्याची खोटी आवई उठवून लंडनच्या शेअर बाजारात झालेल्या घोटाळ्यात कॉक्रन दोषी ठरला, आरमारातून काढला गेला. ओब्रायननी तेही सोडलं नाही, ऑब्रीच्या गळ्यात घातलं.

मालिकेतली तिसरी कादंबरी मुंबईत येते, तेही उगाच नाही. त्या काळी मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली जात. 1817 मध्ये इथेच पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे. नेपोलियनशी लढायला मात्र त्याला दोन वर्षं उशीर झाला.