वाळूचा रंग, मराठवाड्यातील

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही, पण मांजरा नदीच्या एकाच पात्रात काळी आणि लाल अशी दोन्ही वाळू मिळते. बीड-लातूर भागात नदी दक्षिण ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या पठारावरील लाव्हाच्या थरांच्या, बेसाल्टावरून (सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा) वाहते. तेथील वाळूत बेसाल्टाचेच बारीक तुकडे, पायरोक्सीन व मॅग्नेटाइट ही गडद खनिजे असल्याने ती काळपट दिसते. मधूनच चमकणारे पांढरे कण बहुधा खडकाच्या पोकळ्यांतील कॅल्सेडोनीचे किंवा झिओलाइटाचे असतात. झिओलाइट ठिसूळ असल्याने फार दूर टिकत नाही. मॅग्नेटाइट लोहचुंबकाला चिकटते. कोकणात लाटा हलके कण वाहून नेतात व जड खनिजे मागे राहतात, तेव्हा असेच काळे पट्टे पडतात.

पुढे कर्नाटक, तेलंगणातून फिरून मांजरा बिलोली-देगलूरकडे येते, ती ग्रॅनाइटावरून. बिलोलीची लाल रेती ती हीच. मात्र तिची लाली कशाची, याविषयी एकवाक्यता नाही. बीदर-उदगीर पठारावरील जांभ्यातून आलेल्या लोह ऑक्साइडाचा लेप हे एक कारण सांगितले जाते, तर ग्रॅनाइटातील पोटॅश फेल्स्पार हे गुलाबी खनिज हे दुसरे. जांभ्याचे कण मऊ, लवकर झिजणारे; शिवाय वरून येणारा भरड गाळ निजामसागर धरणात (1931) अडतो. त्यामुळे दुसरे कारण अधिक ग्राह्य वाटते. लेंडी, मन्याड या उपनद्यांचाही यात वाटा असावा.

पडताळा सोपा आहे. चिमूटभर वाळू धुऊन, वाळवून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करावी. आम्ल पिवळे पडून कण फिके झाले, तर रंग लेपाचा. कण गुलाबीच राहिले आणि दहापट भिंगाखाली सपाट, चकाकणारी पाटनपृष्ठे (खनिज ठरावीक दिशेने फुटून झालेले पृष्ठभाग) दिसली, तर फेल्स्पार. क्वॉर्ट्झाला (गारेला) अशी पृष्ठे नसतात. आम्ल टाकताच फसफसले, तर चुनखडीचे कण मिसळले आहेत. ओली वाळू नेहमी गडद दिसते, म्हणून नमुन्यांची तुलना कोरडे असतानाच करावी.

बांधकामात लाल रेतीला मागणी असली, तरी रंगावरून गाळाचे प्रमाण कळत नाही. 200 मिलि. मापनपात्रात 1 टक्का मिठाचे पाणी 50 मिलि.पर्यंत घ्यावे, पातळी 100 वर येईपर्यंत वाळू टाकावी, मग तेच पाणी 150 पर्यंत भरून हलवावे व 3 तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या 8 टक्क्यांहून जाड भरल्यास वाळू धुऊन घ्यावी लागते.