जुलै आला की वह्या का वाटतात?

जून संपत आला की आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतो. कोट घातलेले नवीन प्रेसिडेंट, शेजारी नवीन सेक्रेटरी, कोपऱ्यात ते रोटरी क्लबचं दातेरी चाक आणि खाली मोठ्या अक्षरात 'पदग्रहण समारंभ'. मग पुढचा महिना-दीड महिना नुसती धूम. १ जुलैला डॉक्टर्स डे म्हणून डॉक्टरांचा सत्कार, त्याच दिवशी सीए डे म्हणून सीए लोकांचा, त्यात आपल्याकडे वसंतराव नाईकांची जयंती म्हणजे कृषिदिनही तेव्हाच, म्हणून एखाद्या शेतकऱ्यालाही शाल-नारळ, पाठोपाठ वनमहोत्सवाची झाडं, झेडपीच्या शाळेत वह्या-दप्तरं, आणि वारी गावावरनं जात असेल तर वारकऱ्यांना रेनकोट न् औषधं. दिवाळीपर्यंत हा जोर निम्म्यावर येतो आणि मे महिन्यात तर क्लब बंद पडला की काय असं वाटावं इतकी शांतता.

लोक यावर हसतात. एक वही द्यायला अकरा जणांचे हात, वगैरे. मी पण हसलोय. पण माझे एक काका बरीच वर्षं क्लबात होते, त्यांच्यामुळे यामागचं थोडं वाचत गेलो तर कळलं की हा जुलैचा उत्साह आणि मेची झोप आपल्या गावाची खोड नाहीच, ती थेट संस्थेच्या घडणीतूनच आलीय.

सुरुवात शिकागोत. २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस नावाचा वकील तीन ओळखीच्यांना घेऊन बसला, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर, एक शिंपी. मोठ्या शहरात नवखा माणूस एकटा पडतो, तर धंद्यातल्या लोकांनी ओळखी वाढवाव्यात, एकमेकांना गिऱ्हाईक द्यावं, एवढाच मूळ विचार. बैठक आज याच्या ऑफिसात उद्या त्याच्या, म्हणजे फिरती, म्हणून नाव रोटरी. सेवा-बिवा सुरुवातीला नव्हतीच. पहिलं सार्वजनिक काम ठरलं १९०७ मध्ये आणि ते काय, तर शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक संडास व्हावेत म्हणून खटपट! आपल्याकडे आजही एखादा क्लब मुलींच्या शाळेत टॉयलेट ब्लॉक बांधतो तेव्हा तो अगदी मूळ परंपरेत असतो, फक्त बिचाऱ्यांना ते माहीत नसतं.

आता गंमत बघा, त्याच १९०५ मध्ये, १२ जूनला, पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. तिथे सेवा म्हणजे आयुष्यभराची शपथ, पोटापुरतं मानधन, स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही. म्हणजे आपल्याकडे सेवेची कल्पना आधीपासून होतीच आणि ती जास्त कडक होती. सार्वजनिक सभा १८७० ची, सत्यशोधक समाज १८७३ चा, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, पुढं भाऊराव पाटलांची रयत १९१९ ची, जिथे वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. या सगळ्यात एक माणूस किंवा घरच्या घर एका कामात गाडून घ्यायचं. क्लबवाली सेवा याच्या अगदी उलटी. दुकान सांभाळून, दवाखाना सांभाळून, आठवड्यातला एक तास, आणि पद फक्त एक वर्ष. आपल्या लोकांना क्लबांच्या कामाबद्दल जो एक बारीक संशय असतो ना, 'ही खरी सेवा नव्हे', तो मला वाटतं इथून येतो. आपण मनात रयतशी तुलना करत असतो.

हे एक वर्षाचं प्रकरण कसं घट्ट झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्याची मेख तिथंच आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं ते १९१३ च्या सुमारास हिशेब तपासणाऱ्यांच्या सल्ल्यावरून. आधी वर्ष ऑगस्टमधल्या अधिवेशनाला धरून चालायचं, मग ३० जूनला हिशेब बंद करणं सोयीचं पडेल म्हणाले, झालं. अमेरिकेत जुलै म्हणजे उन्हाळी सुट्टी. आपल्याकडे जुलै म्हणजे शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, पाऊस पडतोय, खड्डे खणायला माती मऊ, आषाढी तोंडावर आलेली किंवा नुकती झालेली. आणि नेमकं तेव्हाच नव्या प्रेसिडेंटच्या हातात ताजी वर्गणी आणि ताजा उत्साह. मग वह्या, झाडं आणि रेनकोट नाही तर काय वाटणार? लायन्स हा तसाच दुसरा क्लब, त्याचंही वर्ष जुलैपासूनच, त्यामुळे एकाच शाळेत एकाच आठवड्यात दोन क्लबांच्या वह्या येतात आणि जानेवारीत पोरांकडे एकही कोरी वही नसते.

दुसरी गोष्ट घडली ती १९२३ ला, सेंट लुईसच्या अधिवेशनात. त्याच्या आधी ओहायोतल्या इलिरिया गावात एडगर ॲलन नावाचा एक व्यावसायिक होता, त्याचा मुलगा १९०७ मध्ये ट्रामच्या अपघातात गेला. गावात धड हॉस्पिटल नव्हतं. ॲलननं धंदा विकला, गावासाठी हॉस्पिटल उभं केलं, मग अपंग मुलांचं काम हाती घेतलं आणि रोटरीवाल्यांना त्यात ओढलं, १९१९ ला त्यासाठी वेगळी संस्थाच निघाली. काम इतकं वाढलं की प्रश्न आला, सगळ्या रोटरीनं मिळून हेच एक काम करावं का? दोन तट पडले. एक गट म्हणे सेवा ही प्रत्येक मेंबरनं आपल्या धंद्यात करावी, क्लबानं नुसती दृष्टी द्यावी, दुसरा म्हणे क्लबानं एकत्र मिळून काहीतरी ठोस करावं. शेवटी तोड म्हणून जो ठराव झाला तो '२३-३४' या नंबरनं ओळखला जातो. नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या, पण गाभा असा की कुठलं काम करायचं हे प्रत्येक क्लब आपापलं ठरवेल, वरून लादायचं नाही, गावात दुसरं कोणी ते काम नीट करत असेल तर त्यात परत हात घालायचा नाही. आणि मग ते वाक्य येतं ज्यानं मी वाचताना खुर्चीत सरळ बसलो: क्लबानं दरवर्षी एक मोठं सामाजिक काम घ्यावं, ते शक्यतो वर्षागणिक बदलावं आणि शक्यतो आर्थिक वर्ष संपायच्या आत पूर्ण करावं.

म्हणजे वर्षाच्या आत संपेल असं काम. बाकडं, वॉटर कूलर, स्मशानभूमीत शेड, बसथांबा, शिलाई मशीन, चष्मे. सगळी एका वर्षात मावणारी. पाटीवर प्रेसिडेंटचं नाव आणि साल. प्रसिद्धीबद्दलही त्यात आहे बरं का, काम निवडताना प्रसिद्धी हा मुख्य हेतू नसावा, पण चांगलं झालेलं काम लोकांना जरूर कळवावं. आपल्याकडे यातला पुढचा भाग जास्त मनावर घेतला गेला असं म्हणायला हरकत नाही.

भारतात रोटरी आली ती कलकत्त्यात, १९१९-२० ला, तेव्हा भरणा साहेब लोकांचाच. मुंबईचा क्लब १९२९ चा. आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी आपल्याकडचा पहिला माणूस म्हणजे नीतीश लाहरी, १९६२-६३. स्वातंत्र्यानंतर हळूहळू ती जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत उतरली, साखर कारखान्याचे इंजिनिअर, बँकेचे मॅनेजर, डॉक्टर, वकील, अडत व्यापारी. मीटिंगमधल्या काही गोष्टी तशाच राहिल्या, कोटाला पिन लावली नाही तर शिस्त बघणारा 'सार्जंट' दंड करतो आणि तो डब्यात पडतो. बायकांना मात्र मेंबर व्हायला १९८९ उजाडावं लागलं, तेही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९८७ ला दणका दिल्यावर. तोवर त्यांच्यासाठी इनरव्हील हा वेगळा क्लब, १९२४ ला मँचेस्टरमध्ये निघालेला. आमच्या काकूंचं स्पष्ट मत होतं की गावातली निम्मी कामं इनरव्हीलच करतं, रोटरी नुसती फेलोशिपचं जेवण करते.

लायन्सची वाट थोडी वेगळी. मेल्विन जोन्स, विम्याचा धंदा, शिकागोच, १९१७. पण १९२५ ला हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात आल्या आणि आंधळ्यांसाठी उभे राहा म्हणून त्यांनी साकडं घातलं, तेव्हापासून डोळे हे लायन्सचं काम ठरलं. बघा, रोटरीनं दोन वर्षं आधी एकच एक काम नको म्हटलं आणि इकडं हे एका कामाला चिकटले. मुंबईत १९५६ ला पहिला लायन्स क्लब आला आणि पुढं आपल्याकडे नेत्रशिबिर हा शब्दच त्यांच्याशी जोडला गेला. जुनी माणसं सांगतात, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची, तीही थंडीतच, कारण उन्हाळ्यात डोळा चिघळतो अशी पक्की समजूत, आणि मोतीबिंदू 'पिकल्या'शिवाय काढायचा नाही ही दुसरी. नंतर भिंग बसवायची पद्धत आली, मायक्रोस्कोप आला, शाळेतली ऑपरेशनं बंद पडली, आता शिबिरात नुसती तपासणी आणि पेशंटला गाडीनं हॉस्पिटलात. मिरजेच्या लायन्स नॅब नेत्र रुग्णालयासारखी ठिकाणं यातूनच टिकून आहेत. प्रेसिडेंट बदलला तरी हॉस्पिटल बदलत नाही.

रोटरीनं आपलाच ठराव गुंडाळून ठेवल्यासारखं केलं ते पोलिओसाठी. १९७९ ला फिलिपाइन्समध्ये ६० लाख मुलांना पाच वर्षांत डोस द्यायचं काम घेतलं, म्हणजे सुरुवातच पाच वर्षांची. ते जमतंय म्हटल्यावर १९८५ ला पोलिओप्लस ही मोहीम, १२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले आणि १९८८ पर्यंत जमले २४.७ कोटी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं पोलिओ संपवायचा ठराव केला, तेव्हा जगात वर्षाला साडेतीन लाख मुलं पांगळी होत होती. आपल्याकडे देशभरचा पल्स पोलिओ डिसेंबर १९९५ ला सुरू झाला.

त्या रविवारांची मला चांगली आठवण आहे. चावडीत टेबल, पिवळा बॅनर, बर्फाच्या पॅकवर ठेवलेल्या इवल्या बाटल्या, बाटलीवरचा चौकोन काळा पडला, म्हणजे लस उष्णतेनं खराब झाली, तर ती टाकायची हे अंगणवाडी ताई क्लबवाल्यांना परत परत सांगायच्या. डोस झाला की डाव्या करंगळीला मार्करची खूण. काका सकाळी सातला पोहे आणि चहाचा थर्मास घेऊन हजर. खरं सांगायचं तर मुख्य काम सरकारी आरोग्य खात्याचं आणि त्या ताया-नर्सबाईंचं, दारोदार त्याच फिरल्या, दारावर खडूनं खुणा त्यांनीच केल्या. क्लबांनी पैसा आणला, बॅनर-टोप्या दिल्या, बूथवर माणसं बसवली, उत्तर प्रदेशात लोक डोसला नाही म्हणायला लागले तेव्हा मौलवींना सोबत घेतलं, आणि मुख्य म्हणजे कंटाळा आला नाही. २००९ ला देशात अजून ७४१ केसेस होत्या, जगातल्या जवळपास निम्म्या, चौदा प्रेसिडेंट होऊन गेल्यावरही असं! मग २०१० ला ४२, आणि १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडलेली ती शेवटची. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारताचं नाव पोलिओ टिकून असलेल्या देशांच्या यादीतून निघालं, तेव्हा रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते वापीचे कल्याण बॅनर्जी. पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. काका तेव्हा क्लब सोडून बसले होते, तरी पेपरचं कात्रण कपाटात आहे.

पैशाची बाजू थोडक्यात. रोटरी फाउंडेशनची, म्हणजे रोटरीच्या देणग्यांच्या निधीची, कल्पना आर्च क्लम्फनं १९१७ ला मांडली, पहिली देणगी आली २६ डॉलर ५० सेंटची, कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. आज १००० डॉलर दिले की पॉल हॅरिस फेलो, त्याची वेगळी पिन, आणि लग्नपत्रिकेत नावापुढं 'पीएचएफ' छापणारे मी स्वतः पाहिलेत. डायलिसिस मशीन वगैरे मोठं काम असेल तर फाउंडेशनचं 'ग्लोबल ग्रँट' हे अनुदान, त्याला किमान ३०,००० डॉलरचा प्रोजेक्ट आणि परदेशातला एक क्लब भागीदार लागतो. २०२० ला परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायची सोय गेली, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत, मग ट्रेझररच्या डोक्याला ताप. बऱ्याच क्लबांनी धर्मादाय आयुक्तांकडे वेगळा ट्रस्ट नोंदवलाय, रक्तपेढी नाहीतर शाळा चालवायची तर विश्वस्त कायम असलेले बरे, दर जुलैला बदलणारे नकोत.

आणि २०१४ पासून सीएसआर आला, मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. कंपनीचं वर्ष संपतं ३१ मार्चला. त्यामुळे आता मार्चमध्येही एक लाट येते, फेब्रुवारीत फोन येतात की एवढे एवढे शिल्लक आहेत, पटकन काही सुचवा. बेंच, ई-लर्निंगचा टीव्ही, सोलर दिवे. जुलैची आणि मार्चची अशा दोन पाट्या एकाच वस्तूवर दिसायला लागल्यात.

आमच्या स्टँडवरच्या वॉटर कूलरवर तशा आहेत. वर क्लबाचं नाव न् त्या सालचे प्रेसिडेंट, खाली कंपनीचं. गेल्या उन्हाळ्यात त्याला पाणी नव्हतं, फिल्टर बदलायचा होता, आणि तो खर्च कुठल्याच वर्षाच्या बजेटमध्ये बसत नव्हता.