सिल्व्हानर

सिल्व्हानर : मध्य यूरोपातील एक जुना द्राक्षवाण व त्यापासून बनणारी पांढरी वाइन. जर्मनीत त्याची लागवड मुख्यतः ऱ्हाइनहेसेन व फ्रांकन (फ्रँकोनिया) या प्रदेशांत होते. माइन नदीकाठी, वुर्ट्सबुर्गच्या आसपास पिकणारी सिल्व्हानर सर्वांत नावाजलेली आहे. फ्रान्समधील अल्सेसमध्ये व स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातही हा वाण आढळतो.

नावातील साम्यावरून तो ट्रान्सिल्व्हेनियातून (आजच्या रोमानियातील प्रदेश) आला असावा, असा तर्क जुन्या लेखनात वारंवार येतो. मात्र त्याला सबळ आधार मिळालेला नाही. वुर्ट्सबुर्गच्या परंपरेनुसार एब्राख मठाचे अधिपती आल्बेरिख डेगेन यांनी १६६५ च्या सुमारास तो तेथील श्टाइन टेकडीवर लावला. परंतु कास्टेल येथील सरदार घराण्याच्या दप्तरात ‘ऑस्ट्रियन’ म्हणवल्या जाणाऱ्या द्राक्षाची रोपे लावल्याची एप्रिल १६५९ ची नोंद आहे आणि जर्मनीतील पहिला लेखी पुरावा म्हणून तीच ग्राह्य धरणे योग्य होय. डीएनए तपासणीत ट्रामिनर हा जुना द्राक्षवाण आणि ‘ओस्टरराइखिश वाइस’ हा जवळजवळ नामशेष झालेला ऑस्ट्रियन वाण यांचा हा संकर ठरल्याने ऑस्ट्रियन उगमाच्या मताला बळकटी आली आहे. हा संकर निसर्गतः झाला असावा. श्टाइन टेकडीची १५४० सालची प्रख्यात वाइन कधीकधी सिल्व्हानरची समजली जाते. वरील कालक्रम पाहता हे संभवत नाही.

वंशावळीचा आणखी एक घोळ म्युलर-थुरगाऊ या वाणाबाबत झाला. हेर्मान म्युलर यांनी १८८२ मध्ये गाइझेनहाइम येथे केलेला हा संकर रीसलिंग (जर्मनीतील प्रसिद्ध पांढरा द्राक्षवाण) व सिल्व्हानर यांचा मानला जाई. प्रत्यक्षात त्यात रीसलिंगबरोबर मादलेन रोयाल हा वाण आहे, सिल्व्हानर नाही. स्वित्झर्लंडमध्ये ‘रीसलिंग-सिल्व्हानर’ हे जुने जोडनाव अजूनही चालते. याच म्युलर-थुरगाऊने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्व्हानरला मागे सारले. तोवर सिल्व्हानर हा जर्मनीतील सर्वाधिक लागवडीचा वाण होता.

रीसलिंगपेक्षा सिल्व्हानर वाइनची आम्लता सौम्य आणि गंध संयत असतो. त्यामुळे जमिनीचा गुण तिच्यात स्पष्ट उतरतो, असे जाणकार मानतात. फ्रांकनमध्ये शिंपल्यांच्या अवशेषांचा चुनखडक व कॉयपर ही चिकणमाती या वाणाला मानवते. तेथील परंपरेत कोरडी वाइन म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमपेक्षा कमी साखरेची. जर्मन कायद्याची मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. तेथील सिल्व्हानर बहुधा ‘बॉक्सबॉयटल’ या चपट्या, फुगीर बाटलीत भरतात. बनावट मालाला आळा घालण्यासाठी वुर्ट्सबुर्गच्या नगरसभेने १७२६ मध्ये श्टाइनच्या वाइनकरिता ही बाटली ठरवून दिली.

पांढऱ्या ॲस्परॅगसशी (शतावरीच्या प्रजातीतील कोवळे कोंब) तिची जोडी विशेष जुळते. या कोंबांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तीव्र आम्लतेच्या किंवा नव्या ओकच्या पिंपात मुरवलेल्या वाइनला धातूसारखी कडवट चव येते. सिल्व्हानर मात्र भाजीची मातकट गोडी झाकत नाही. उकडलेले बटाटे, हॅम आणि लोणी किंवा हॉलंडेज सॉस (अंड्याचा बलक व लोणी यांचा) यांसह हे जेवण होते. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होऊन २४ जूनला, संत योहान्नेसच्या सणाला, परंपरेने संपतो. माइन नदीतील छोटे तळलेले मासे (‘मेफिश्ली’) आणि व्हिनेगर-कांद्याच्या रश्श्यात शिजवलेले सॉसेज (‘ब्लाउए त्सिप्फल’) यांबरोबरही ती घेतात.