हिरवा चुडा, हिरवा उजेड

आईच्या लग्नाचा अल्बम १९७६ सालचा. त्यात तिच्या हातातला हिरवा चुडा आज हिरवा दिसत नाही, मातकट तपकिरी दिसतो. पंगतीतली केळीची पानं विटकरी झाली आहेत, मांडवातल्या सगळ्यांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लालसर. त्याच ट्रंकेत आजी-आजोबांचा त्याहून तीस वर्षं जुना कृष्णधवल फोटो आहे आणि आजीच्या नथीतला एकेक मोती त्यात अजून मोजता येतो. जुना फोटो ताजा आणि नवा फोटो विटलेला, हे कोडं मला लहानपणापासून छळत होतं. त्याचं उत्तर मला एका रहस्यपटाच्या निमित्ताने नीट उमगलं.

तो रहस्यपट म्हणजे आल्फ्रेड हिचकॉकचा १९५८चा ‘व्हर्टिगो’. उंचीची भीती बसलेला सॅन फ्रान्सिस्कोचा एक निवृत्त पोलीस अधिकारी एका स्त्रीचा माग काढत राहतो, आणि मग त्या मागातच हरवतो. यापुढची गोष्ट मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा? पण एक सांगतो: या चित्रपटात हिरवा रंग नुसता शोभेचा नाही. नायक त्या स्त्रीला पहिल्यांदा पाहतो ते लालभडक भिंतींच्या उपाहारगृहात, तेव्हा तिच्या अंगावर पाचूसारखी हिरवी शाल असते. ती चालवते ती गाडी हिरवी. आणि उत्तरार्धातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रसंगात हॉटेलच्या खोलीत खिडकीबाहेरच्या निऑन पाटीचा हिरवा उजेड भरलेला असतो, त्या हिरवट धुक्यातून किम नोव्हाक पुढे चालत येते. मेलेलं माणूस परत यावं, तशी. दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या हाती दिलेला हा धागा आहे. हिरवा गेला की धागाच तुटला.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे सगळे मिळून एक लाखाच्या आसपास ठिपके. हिरवं धुकं म्हणजे मळकट चौकोनांचा लगदा होता. तो प्रसंग एवढा नावाजलेला का, हे तेव्हा कळलं नाही. यंदा पावसाळ्यात तोच चित्रपट ४के डिस्कवर पाहिला. इथे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. पण फरक ठिपक्यांचा कमी आणि रसायनशास्त्राचा जास्त आहे.

कृष्णधवल फिल्मवर चित्र असतं ते धातूच्या चांदीचं. सूक्ष्म कणांच्या रूपातली ही चांदी नीट धुऊन, नीट जपली तर शंभर वर्षंही टिकते. रंगीत फिल्मचं तसं नाही. तिच्यातही सुरुवात चांदीच्या क्षारांपासूनच होते, पण डेव्हलप करताना प्रत्येक थरात सेंद्रिय रंगद्रव्य तयार होतं आणि मग चांदी धुऊन टाकली जाते. मागे उरतात फक्त तीन रंग: मोरपंखी निळ्याच्या जवळचा सायन, आपला राणी रंग म्हणजे मॅजेंटा, आणि पिवळा. बाकी सगळे रंग या तिघांच्या मिश्रणातून दिसतात. सायन प्रकाशातला लाल शोषतो, पिवळा निळा शोषतो, म्हणून दोन्ही एकावर एक आले की आरपार जातो तो हिरवा.

आता आईच्या चुड्याकडे पाहा. त्या काळच्या रंगीत फोटोकागदावर अंधारात ठेवूनही सगळ्यात आधी विटायचा तो सायन. सायन उडाला, पिवळा आणि राणी उरले. चुडा तपकिरी, पानं विटकरी, माणसं लालसर. जुन्या सिनेमांच्या रंगीत प्रिंट गुलाबी पडलेल्या दिसतात, त्याचंही कारण हेच. अशा प्रिंटमध्ये ‘व्हर्टिगो’चं हिरवं भूत पिवळट, आजारी दिसणार. भूत कसलं, काविळीचा रोगी.

प्रिंट विटली तरी ती जिच्यावरून छापतात ती कॅमेऱ्यातली मूळ फिल्म, म्हणजे निगेटिव्ह आहे ना, असं वाटेल. पण ‘व्हर्टिगो’चं निगेटिव्हही रंगीत फिल्मचंच होतं आणि त्याचेही रंग उतरले होते. ते निगेटिव्ह मात्र मोठं विलक्षण होतं. पॅरामाउंट कंपनीच्या व्हिस्टाव्हिजन पद्धतीत ३५ मिमीची फिल्म कॅमेऱ्यात उभी न धावता आडवी धावायची, एका चित्राला फिल्मच्या कडेच्या आठ भोकांएवढी जागा मिळायची. आपल्या घरातल्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्म जशी आडवी सरकायची, अगदी तशीच. त्यामुळे एका चित्राचं क्षेत्रफळ नेहमीच्या सिनेमाच्या चौकटीच्या दुपटीहून अधिक. चित्र मोठं, कण बारीक, तपशील भरपूर. हा खजिना निगेटिव्हमध्ये शाबूत होता, फक्त त्याचा रंग हरवला होता.

रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ या जोडीने रिस्टोर केलेली ७० मिमी प्रत १९९६ साली पडद्यावर आली. त्यांच्यापुढची अडचण समजून घेण्यासारखी आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी एक शहाणपण केलं होतं: रंगीत निगेटिव्हवरून तीन कृष्णधवल फिल्म काढून ठेवायच्या, एकीवर लाल प्रकाशाची नोंद, दुसरीवर हिरव्याची, तिसरीवर निळ्याची. या तिन्ही चांदीच्या, म्हणून त्यांचा रंग उतरण्याचा प्रश्नच नाही. कधीही तिन्ही एकत्र छापा, मूळ रंग परत. पण फिल्मची पट्टी वर्षानुवर्षांत आकसते. ‘व्हर्टिगो’च्या तिन्ही फिल्म वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या होत्या, आणि मुळात त्या फारशा नीट काढलेल्याही नव्हत्या.

आकसणं म्हणजे किती? समजा, एक पट्टी दुसरीपेक्षा फक्त अर्धा टक्का आखूड झाली. ३७ मिमी रुंदीच्या आडव्या चौकटीत हा फरक ०.२ मिमीहूनही कमी. पण ६५ इंची टीव्हीवर डावी कड जुळवली, तर उजव्या कडेला तोच फरक सात मिलिमीटरचा होतो. वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीत छपाई हलली की नटीच्या ओठांची लाली गालावर सरकते आणि चेहऱ्याला दुहेरी कड येते, तसंच. त्या काळी हे जुळवणं बहुतांशी भिंगं आणि प्रिंटर यांच्या जोरावर व्हायचं, त्यामुळे ‘व्हर्टिगो’च्या अनेक भागांत ते जमलंच नाही. तिथे उतरलेल्या निगेटिव्हवरच रंगदुरुस्ती करावी लागली. आज संगणक प्रत्येक चौकट स्कॅन करून रबरासारखी ताणतो आणि तिन्ही नोंदी एकमेकींवर बसवतो.

रंगदुरुस्ती म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरचं बटण फिरवणं नव्हे, हे मला या जोडीच्या पुढच्या कामावरून कळलं. हिचकॉकच्याच १९५४च्या ‘रिअर विंडो’च्या निगेटिव्हमध्ये पिवळ्या थराला मोठी इजा झाली होती. निगेटिव्हवर उजळ भागात रंग दाट असतो, सावलीत विरळ. पिवळा विरला की नुकसान दाट भागाचं जास्त होतं. त्याच्यावरून प्रिंट काढली तर चेहरे, पडदे, पांढरे कपडे पिवळे येतात, सावल्या मात्र ठीक. पिवळेपणा मारायला सगळ्या चित्रात निळा वाढवलात, तर चेहरे सुधारतात आणि काळ्या सावल्या निळ्या होतात. एकीकडे झाकावं तर दुसरीकडे उघडं पडतं. उजेडाच्या प्रत्येक पायरीला वेगळी मात्रा द्यावी लागते. हे काम किती चिकाटीचं आहे याची कल्पना आल्यापासून मी अशा चित्रपटांची शेवटची श्रेयनामावली सोडत नाही.

पण मूळ हिरवा नेमका कुठला, हे ठरवायचं कशावरून? माणसाची रंगांची स्मृती फार कच्ची. इथे कामाला येतात टेक्निकलर या कंपनीच्या जुन्या प्रिंट. त्या डेव्हलप केलेल्या नसायच्या, छापलेल्या असायच्या. प्रत्येक रंगासाठी जिलेटिनचा उंचसखल ठसा, तो रंगात बुडवायचा आणि कोऱ्या फिल्मवर दाबायचा, असं तीनदा. कापडावर ठसे मारतात त्याचंच हे सूक्ष्म रूप. बाहेरून आणलेले रंग असल्याने पक्के निवडता यायचे, म्हणून त्या पद्धतीची जुनी प्रिंट आजही मूळ रंगाची चांगली साक्षीदार ठरते.

आवाजाबद्दल थोडक्यात. १९९६च्या प्रतीसाठी सहा चॅनेलचा ध्वनी हवा होता. बर्नार्ड हरमन यांच्या संगीताची मूळ ध्वनिमुद्रणं हाती होती, पण पावलांचे, गोळीबाराचे आवाज नव्याने मुद्रित करावे लागले आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. मला ती पटते. आपल्या डिस्कवर मूळ मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा ध्वनी असेल तर एकदा तो लावून पाहा. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर आणखी एक गंमत व्हायची. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५च्या वेगाने चालवला जायचा. १२८ मिनिटांचा ‘व्हर्टिगो’ पाच मिनिटं आधीच संपायचा, आणि सूर दुरुस्त केलेला नसेल तर संगीत चढायचं. काळी एकमध्ये गाणाऱ्याला कुणी जवळपास पांढरी दोनमध्ये ढकलावं, इतकं.

आता हे सगळे श्रम करून घरी आलेलं चित्र आपलाच टीव्ही बिघडवू शकतो. दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावं म्हणून ठेवलेला ‘व्हिव्हिड’ मोड पांढऱ्याला निळसर करतो आणि हिरव्याला रेडियमच्या स्टिकरसारखा. त्याऐवजी ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावावा. त्यात पांढरा ६५०० केल्विनच्या आसपासचा असतो, चित्र सुरुवातीला पिवळट वाटतं, दहा मिनिटांत डोळे सरावतात. दोन चौकटींच्या मधे टीव्ही स्वतःच्या मनाने नव्या चौकटी घुसवतो आणि चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, ती सोय बंद करावी. आणि चित्रावर हलकी वाळू थरथरताना दिसली तर ती खराबी समजू नका. ते फिल्मचे कण, त्यांच्यातच तपशील असतो. ‘नॉइज रिडक्शन’ने ती वाळू पुसली की चेहरे मेणाचे होतात.

हिरव्या धुक्याच्या प्रसंगात ४के डिस्कचा खरा कस लागतो. साध्या ब्लू-रेमध्ये प्रत्येक रंगाच्या जास्तीत जास्त २५६ पायऱ्या, इथे १०२४. गडद हिरव्यापासून फिक्यापर्यंतचा उतार जिथे आधी जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा दिसायचा, तिथे आता धुकं खरंच धुक्यासारखं विरत जातं. इंटरनेटवरून पाहताना माहितीचा ओघ कमी केलेला असतो, आणि कण व धुकं यांच्यावरच पहिली कात्री चालते. म्हणून या एका चित्रपटासाठी तरी डिस्क शोधावी असं मी आग्रहाने सांगेन.

फिल्मचा आणखी एक शत्रू आपल्याकडे फार माजतो. फिल्मची पट्टी ज्या ॲसिटेट प्लॅस्टिकची असते ते उष्ण, दमट हवेत कुजू लागलं की ॲसेटिक आम्ल सोडतं, डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो. आणि ते आम्ल कुजणं आणखी वाढवतं. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी थंड, कोरड्या कोठारांवर खर्च करावा लागतो तो यासाठीच.

‘व्हर्टिगो’ पाहिला त्या आठवड्यात मी आईचा अल्बम स्कॅनरवर ठेवला. निगेटिव्ह कधीच हरवलं होतं, तीन चांदीच्या पट्ट्या आपल्याकडे कुठून असणार? संगणकावर सायन वाढवत गेलो. पानं हिरवी झाली, पण चुड्याचा हिरवा पोपटी की गडद, काही ठरेना. आईला विचारलं. “गर्द होता रे,” ती म्हणाली, मग जरा घुटमळली आणि आतल्या खोलीत गेली. फण्या-करंड्याच्या डब्यातून तिने कापसात गुंडाळलेली एक काचेची बांगडी आणली. त्याच चुड्यातली. काचेचा रंग उतरत नाही. ती बांगडी खिडकीशी धरून मी स्क्रीनवरचा हिरवा थोडा थोडा गडद करत गेलो, आणि ती शेजारी बसून म्हणत राहिली, “अजून. अजून थोडा.”