फादर, ब्रदर आणि ऋग्वेदातली आडवी रेघ

फादर, मदर, ब्रदर. मराठीत लिहायला घेतले की तिन्हींच्या शेवटी मुकाट्याने 'दर' येतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात मात्र बाप होता 'फॅडर', आई 'मोडोर' आणि भाऊ 'ब्रोदोर'. आईबापांना 'ड', भावाला 'द'. पुढे पंधराव्या शतकाच्या आसपास 'ड'चा 'द' झाला, तिघांचं यमक जुळलं आणि जुना फरक झाकला गेला. जर्मनमध्ये तो आजही उघडा आहे: फाटर, मुटर, पण ब्रुडर.

एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसायचं, असं कुणालाही वाटेल. पण एकोणिसाव्या शतकातले भाषाशास्त्रज्ञ या 'ड'पाशी चांगलेच अडले होते.

जुनी इंग्रजी म्हणजे शेक्सपिअरची नव्हे. तो त्या मानाने कालपरवाचा. पाचव्या शतकात उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या, त्यांची ही बोली. १०६६ साली नॉर्मन आले आणि त्यानंतरच्या शे-दीडशे वर्षांत तिचं रूप पालटलं. आपण ज्ञानेश्वरी वाचताना अडखळत का होईना पुढे सरकतो. आजच्या इंग्रजाला जुनी इंग्रजी परक्या भाषेसारखी शिकावीच लागते.

आता अडचण काय होती ते पाहू. परीकथांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम यांनी १८२२ साली एक नियम मांडला. संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथे 'प' दिसतो, तिथे इंग्रजी-जर्मनच्या कुळात 'फ' येतो. 'त'च्या जागी 'थिंक'मधला घासून उच्चारलेला 'थ', 'द'च्या जागी 'ट'. म्हणून आपला 'पाद' तिकडे 'फोट' झाला, आजचा फूट. 'दंत' घ्या. आधीच्या 'द'चा 'ट', शेवटच्या 'त'चा 'थ', आणि त्या 'थ'च्या आधीचा अनुनासिक जुन्या इंग्रजीत गळाला: 'टोथ'. म्हणजेच टूथ. 'हंस' आणि 'गूस' हेही असेच भाऊबंद. तिथेही 'स'च्या आधीचा अनुनासिक गेला.

याचा अर्थ इंग्रजी संस्कृतातून निघाली असा नाही, मोबाइलवर कितीही संदेश फिरोत. दोघींची पणजी एक, इतकंच. आणि नुसतं सारखं दिसण्याला इथे किंमत नाही. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळचा, अर्थही तोच, पण नातं शून्य. नियम लागला पाहिजे.

तर नियम लावा. 'भ्रातृ'मधल्या 'त'चा 'थ' झाला, तोच दोन स्वरांच्या मधे मऊ पडून 'ब्रोदोर'. ठीक. मग 'पितृ' आणि 'मातृ' यांच्यातही तोच 'त' असताना त्यांचा 'ड' कसा झाला? ग्रिमच्या नियमाला असे अपवाद ढिगाने होते.

१८७५ साली कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाला उत्तर सापडलं. दुपारी झोप यावी म्हणून त्याने तुलनात्मक व्याकरणाचा एक जाडजूड ग्रंथ उघडला, आणि समोर नेमके पितृ आणि भ्रातृ हे शब्द आवाजाचा चढउतार दाखवणाऱ्या स्वरचिन्हांसकट आले, अशी गोष्ट सांगतात. झोप यावी म्हणून व्याकरण, हे मला तरी पटतं.

ती स्वरचिन्हं आपल्याकडच्या ऋग्वेदाच्या कुठल्याही छापील प्रतीत आहेत. पहिल्याच सूक्ताचा शेवटचा मंत्र काढा: 'स नः॑ पि॒तेव॑ सू॒नवेऽग्ने॑ सूपाय॒नो भ॑व'. बाप जसा मुलाला, तसा, हे अग्ने, तू आम्हाला सहज भेटणारा हो. 'पि'च्या खाली आडवी रेघ आहे, म्हणजे अनुदात्त, आवाज खाली. पुढच्या अक्षराला काहीच खूण नाही, म्हणजे उदात्त, आवाज वर. एकटा शब्द लिहिला तर पि॒ता. आईचंही तसंच: मा॒ता. पण भाऊ मात्र भ्राता॑. तिथे उदात्त 'भ्रा'वर आहे आणि 'ता'वरची उभी रेघ स्वरिताची, म्हणजे वरून खाली उतरणाऱ्या आवाजाची. पाठशाळेत मुलांची मान खालीवर हलवून गुरुजी जे घोटून घेतात, ते हेच.

वेर्नरच्या लक्षात आलं की आघात, म्हणजे संस्कृतातला हा उदात्त, लगेच आधीच्या स्वरावर असेल तर तो घासता 'थ' टिकला. आघात पुढे असेल तर तो मृदू, म्हणजे घोष झाला आणि जुन्या इंग्रजीत त्याचा 'ड' बनला. त्यानंतर जर्मन कुळातल्या भाषांनी सगळ्याच शब्दांचा आघात पहिल्या अक्षरावर ओढून आणला. कारण पुसलं गेलं, परिणाम तेवढा राहिला. ग्रीकनेही जुने आघात बरेचसे जपले आहेत, पण आईच्या शब्दात तिथे आघात पहिल्या अक्षरावर सरकला आहे. पाठांतराने टिकलेला वैदिक स्वर तिन्ही शब्दांत बरोबर निघाला.

हाच नियम 'स'लाही लागतो, तिथे मात्र शेवटी 'र' मिळतो. शाळेत 'आय वॉज' पण 'वुई वेअर' का, असं विचारल्यावर 'पाठ कर' एवढंच उत्तर मिळालं होतं. जुन्या इंग्रजीत ही रूपं 'वॅस' आणि 'वॅरोन'. धातू तोच, ज्यातून आपल्याकडे वस्ती आणि निवास आले: वस्, राहणं. संस्कृतात त्याची भूतकाळी रूपं 'उवास' आणि 'ऊषुः'. एकवचनात आघात धातूवर, अनेकवचनात प्रत्ययावर. म्हणून तिकडे एकवचनात 'स' राहिला आणि अनेकवचनात 'र' झाला.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'स्नोरू'. जुन्या इंग्रजीत मुलाच्या बायकोला असं म्हणत. संस्कृतात ती 'स्नुषा', उदात्त शेवटच्या अक्षरावर. म्हणून तिकडे ठरल्याप्रमाणे 'र'. इंग्रजीने हा शब्द पुढे टाकून दिला, आता तिथे ती कायद्याने झालेली मुलगी आहे. आपण मात्र तो रोज वापरतो. स्नुषा, प्राकृतात सुण्हा, मराठीत सून. मघाच्या मंत्रातला 'सूनु' म्हणजे मुलगा, जुन्या इंग्रजीत 'सुनू'. कानाला आपली सून त्याच्याजवळची वाटते खरी, पण ती 'स्नोरू'ची बहीण.