दुपारी बाहेर पडू नका: एका सूचनेची पार्श्वभूमी

मार्च संपत आला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक चौकट दिसू लागते. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, तहान नसली तरी पाणी प्या, सुती आणि सैल कपडे घाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांमध्येही हेच तीन तास आहेत. सूचना योग्य आहे, ती पाळली की माणसे वाचतात. मला मात्र ती वाचताना दरवर्षी तेच प्रश्न पडतात: ही दुपार घरात काढण्याची सोय आजवर कोणाला मिळत आली, आणि कोणाला ती कधीच मिळाली नाही? त्याचे उत्तर शोधताना दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि उन्हासोबत वणव्याचीही गोष्ट सांगावी लागते. आपल्याकडे हे दोन्ही एकाच हंगामात येतात आणि बहुतेक वेळा एकाच माणसाच्या अंगावर येतात.

सरकारी चौकट यायच्या कितीतरी आधी इथल्या लोकांनी उन्हाशी जुळवून घेतले होते. पहाटे शेतात जायचे, ऊन चढले की बैल सोडायचे, दुपार झाडाखाली किंवा मातीच्या जाड भिंतींच्या घरात काढायची. दारात रांजण, जेवणात ताक नाहीतर आंबील, कोणी उन्हातून आले की आधी पन्हे. २५ मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. त्या दिवसांत लग्नाला जायचे तरी माणूस दोनदा विचार करतो. खिशात कांदा ठेवायची रीत अजून आहे. कांदा खिशात असल्याने शरीर थंड होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पन्ह्यातले पाणी, मीठ आणि गूळ मात्र घामावाटे गेलेले खरोखर भरून काढतात. जुन्या शहाणपणातला हा भाग जपण्यासारखा आहे. शाळांचेही तसेच: उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्याला घंटा वाजते, विदर्भात ती थोडी उशिरा वाजते, कारण मृगाचा पाऊस इथे पोचेपर्यंत वर्गात बसवत नाही.

इंग्रज आले तेव्हा त्यांना नागपूरचा उन्हाळा सोसवेना. मध्य प्रांताचा कारभार उन्हाळ्यात पचमढीच्या थंड डोंगरावर जाऊ लागला. वऱ्हाडातल्या साहेबांनी चिखलदरा गाठला. ज्यांना मैदानातच राहावे लागे, त्यांच्या बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांवर दिवसभर पाणी मारले जाई. आत गारवा यावा म्हणून पाणी मारणारा माणूस बाहेर उन्हात उभा असे. आजच्या आपल्या कुलरचे मूळ याच ताट्यांत आहे.

पचमढीच्या पायथ्याशी बोरीचे जंगल आहे. भारतातल्या पहिल्या राखीव जंगलांपैकी ते एक, आणि जंगलाला वणव्यापासून पद्धतशीरपणे वाचवण्याचे सुरुवातीचे प्रयोग १८६० च्या दशकात इथेच झाले. मध्य प्रांताचे पहिले वनसंरक्षक कर्नल पिअर्सन यांनी ते केले. डोंगर उतरून येणाऱ्या आगीला अडवण्यासाठी जंगलात लांबच लांब पट्टे साफ करायचे आणि हंगाम सुरू होण्याआधी त्यांतले गवत, पालापाचोळा आपणच जाळून टाकायचा. याच त्या जाळरेषा. आजही फेब्रुवारीत ताडोबा, मेळघाट, नागझिरा कुठेही गेलात तर वनमजूर त्या जाळताना दिसतील.

पुढे कायदा आला. १८७८ च्या वन कायद्याने आणि नंतर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला. १९२७ च्या कायद्यातले कलम २६ त्यासाठी अजून वापरात आहे. त्याच कायद्याचे कलम ७९ फारसे कोणी वाचत नाही. जंगलात ज्यांचे हक्क आहेत, त्यांनी आग दिसल्यास कळवले पाहिजे आणि विझवायला मदत केली पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे साहेबाची दुपार पचमढीला सुरक्षित, आणि जंगलाची दुपार राखायची ती गावकऱ्यांनी, कायद्याच्या बंधनाखाली. हे मी रागाने लिहीत नाही. जंगल राखायलाच हवे होते. पण या कामातला उष्माघात आणि धूर कोणाच्या वाट्याला येतो, याचा विचार त्या कायद्यात कुठेच नाही.

गंमत वाटेल, पण आग पूर्ण बंद करण्याच्या धोरणाबद्दल पहिल्या शंका वनाधिकाऱ्यांनीच घेतल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशात आणि नंतर साल वृक्षाच्या जंगलांत त्यांच्या लक्षात आले की वर्षानुवर्षे आग रोखली की नवी रोपे नीट येत नाहीत, आणि खाली साचत गेलेला पालापाचोळा एकदा पेटला की आवरत नाही. तेव्हापासून ठरावीक वेळी, थंड हवेत, माणसांच्या देखरेखीखाली थोडे जाळून घेण्याची पद्धत वनखात्याने मान्य केली. गावातले जुने लोक हेच वेगळ्या शब्दांत सांगत आले होते.

आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीवरून पळतो. सागाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, ती रुंद आणि कोरडी असतात, आणि एप्रिलच्या वाऱ्यात ती कागदासारखी पेटतात. वीज पडून लागणाऱ्या आगी इथे थोड्या. बहुसंख्य आगी माणसाच्या हातून लागतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला कोवळी, मोठी पाने फुटावीत म्हणून झुडपांना आग दिली जाते. जंगलाला लागून असलेल्या शेतांत कापसाच्या पऱ्हाट्या आणि धुऱ्यांवरचे, म्हणजे बांधांवरचे, गवत जाळताना ठिणगी उडते. कोणी बिडी फेकून जातो. आग लावणाऱ्याला शिव्या देणे सोपे आहे. पण ज्या बाईला एका सकाळी टोपलीभर मोह वेचून दुपारच्या आत घरी परतायचे आहे, तिच्यासाठी स्वच्छ जमीन म्हणजे उन्हात तासभर कमी वाकणे. तिला दुसरा मार्ग दिला पाहिजे. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरणे, पाला झाडून बाजूला करणे, तेंदूची झुडपे जाळण्याऐवजी छाटणे, हे मार्ग आहेत आणि जिथे ग्रामसभा जागी आहे तिथे ते चाललेही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले, कारण त्यापायी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात. पैसा देणारा हंगाम सोडणे ही लहान गोष्ट नाही.

ज्या गावांनी तो सोडलेला नाही, आणि तीच बहुसंख्य आहेत, तिथे मे महिन्यात बायामाणसे अंधारातच घर सोडतात. ऊन चढायच्या आत पाने तोडून परतायचे, मग घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, न्यायचे. उन्हापासून वाचायचा हाच उपाय त्यांच्याकडे आहे. पण ताडोबाच्या आसपास पहाटेची वेळ वाघाचीही असते. दुपार टाळली तर वाघ, पहाट टाळली तर ऊन. चौकटीतल्या सूचनेत हा पेच मावत नाही.

उन्हाला आपत्ती मानायला मात्र आपल्या देशाने फार वेळ घेतला. १९९८ मध्ये ओडिशात उष्णतेच्या लाटेत दोन हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा त्या राज्याने उन्हाळ्याची तयारी गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये आंध्रात पुन्हा तसेच झाले. इतरत्र ‘ऊन लागले’ म्हणून माणूस जायचा आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिला जायचा. उन्हाने मेलेला माणूस कागदावर उन्हाने मेलेला नसतो, ही यातली मूळ अडचण. आधीच हृदयाचे, मूत्रपिंडाचे दुखणे असलेला म्हातारा पत्र्याच्या खोलीत तीन रात्री तापतो आणि चौथ्या दिवशी जातो. त्याला उष्माघात म्हणून कोण मोजणार?

हे मोजण्याची रीत अहमदाबादने बदलली. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी उष्माघाताच्या नोंदी बाजूला ठेवून शहरातले त्या महिन्याचे एकूण मृत्यू काढले. ते ४,४६२ होते. आधीच्या वर्षांच्या हिशेबाने ते ३,११८ च्या आसपास असायला हवे होते. म्हणजे एका महिन्यात, एका शहरात, १,३४४ माणसे जास्त गेली, आणि गावभर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मला हा आकडा पहिल्यांदा वाचल्यापासून विसरता आलेला नाही. महापालिका, गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही परदेशी संशोधक यांनी मिळून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला हा पहिला. डॉ. दिलीप मावळंकर यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. आराखड्यातली कल्पना साधी होती. ४१ अंशांच्या वर पिवळा, ४३ च्या वर नारिंगी आणि ४५ ला लाल इशारा; इशारा आला की कोणत्या खात्याने काय करायचे ते आधीच ठरलेले. पाणपोया, दवाखान्यांत बर्फ, बागा दुपारीही उघड्या, मजुरांच्या कामाच्या वेळांत बदल. एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला. एवढ्याने बाळांचा त्रास कमी झाला. झोपड्यांच्या पत्र्यांना पांढरा रंग देण्याचे काम पुढे सुरू झाले. माणसाला ‘बाहेर जाऊ नको’ सांगण्याआधी त्याचे घर आत राहण्याजोगे आहे का हे पाहायचे, हा त्यातला खरा धडा.

नागपूरला हे शिकायला वेळ लागला नाही, कारण गरज डोळ्यांसमोर होती. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश नोंदले गेले. पुढच्या काही वर्षांत नागपूरने आजूबाजूच्या शहरांना सोबत घेऊन आपला आराखडा केला. (मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी फिरली होती. ती एका स्वयंचलित केंद्राच्या बिघडलेल्या संवेदकाची चूक होती. पण लोकांचा त्यावर पटकन विश्वास बसला, यातच उन्हाळा कुठवर आला आहे ते कळते.)

आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट. हवामान खाते मैदानी भागात तापमान किमान ४० अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणते. किनाऱ्यावर ३७ अंशांची मर्यादा आहे. किनाऱ्यावरची मर्यादा कमी आहे, कारण तिथे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक तासन्‌तास उन्हात बसले होते. त्यातले १४ जण मेले. विदर्भातल्या माणसाला त्या दिवसाचे तापमान ‘साधे’ वाटले असते. कोकणच्या दमट हवेत ते जीवघेणे ठरले.

राहिला धूर. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना वणव्याच्या दिवसांत सांगितले जाते की खिडक्या बंद ठेवा, एसी आतली हवा फिरवेल असा ठेवा, एन-९५ मुखपट्टी लावा. मुखपट्टीचा सल्ला इथेही खरा आहे. ओला रुमाल डोळ्यांची, घशाची जळजळ थोडी कमी करतो, धुराचे सूक्ष्म कण मात्र अडवत नाही. पण बाकीचा सल्ला आपल्या घरांना लागू पडत नाही, कारण कुलर बाहेरची हवा आत ओढूनच चालतो. गावाच्या कडेला धुरे पेटले की तो धूर ओल्या वाळ्यातून सरळ खोलीत येतो. कुलर बंद केला तर उकाडा, चालू ठेवला तर धूर. दम्याचे रुग्ण, बाळंतीण, म्हातारी माणसे असलेल्या घराने अशा वेळी दोन-चार तासांसाठी दूरच्या नातेवाइकाकडे जावे, हाच त्यातल्या त्यात चांगला उपाय. आणि गावाने धुरे एकाच दिवशी सगळे न पेटवणे हा त्याहून चांगला.

वणवा विझवणाऱ्यांकडे तर तेवढाही पर्याय नसतो. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यात नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून मेले. आग आटोक्यात आली असे वाटत असताना वाऱ्याने ती पुन्हा भडकली. हिरव्या फांद्यांनी झोडपणे आणि अलीकडे पाठीवरचा ब्लोअर, एवढ्या साधनांवर हे लोक काम करतात. त्यांतले कितीतरी चार महिन्यांसाठी रोजंदारीवर घेतलेले असतात.

२००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगी टिपते, आणि आता वनरक्षकाच्या मोबाइलवर आगीच्या जागेचा संदेश थेट येतो. ज्या उपग्रहांवर ही यंत्रणा मुख्यतः चालते, ते आपल्या डोक्यावरून दिवसा दीडच्या सुमारास जातात. काही वेळाने संदेश येतो. मग रेंजवरून, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयातून, फोन होतो, पाण्याच्या कॅन भरल्या जातात आणि ऐन उन्हात चार-पाच माणसे डोक्याला दुपट्टे बांधून धुराच्या दिशेने निघतात.