उंदीरबंदी (कोठारे, शेड व साठवलेली यंत्रे)

उंदीरबंदी : धान्याची कोठारे, गोठे, अवजारांच्या शेड आणि महिनोन्‌महिने वापराविना उभी राहणारी यंत्रे यांत उंदरांचा शिरकाव होऊ नये म्हणून केलेली बांधणी, साफसफाई व देखरेख. उंदीर मारणे हा या कामाचा एक भाग आहे, पण तो बहुधा शेवटचा. फटी उघड्या ठेवून सापळे लावत राहणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. तरीही बहुतेक ठिकाणी सुरुवात सापळ्यापासून किंवा विषापासून होते, कारण त्या वस्तू विकत मिळतात आणि फटी मात्र गुडघे टेकून, बॅटरी घेऊन शोधाव्या लागतात.

प्राणी आणि त्याची मापे : शेडमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो लहान घरउंदीर (मस मस्क्युलस). त्याचे वजन १२ ते ३० ग्रॅम, शेपूट सोडून लांबी ७ ते १० सेंमी. मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असून एका वेतात साधारण ५ ते ८ पिल्ले होतात आणि ती दीड महिन्यात स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला शिरलेली एक गाभण मादी हंगाम संपेपर्यंत शेड भरवू शकते. हा उंदीर दिवसाला जेमतेम ३ ग्रॅम खातो, पण एका ठिकाणी बसून खात नाही. रात्रभरात वीसेक जागी थोडे थोडे कुरतडतो. त्यामुळे खाल्लेल्या धान्यापेक्षा फाडलेल्या पोत्यांचे, सांडलेल्या आणि लेंड्या-मूत्राने नासलेल्या मालाचे नुकसान मोठे असते. कोरड्या धान्यातल्या ओलाव्यावर तो बराच काळ तग धरतो. मोठ्या उंदरांना रोज पाणी लागते, म्हणून गळका नळ बंद केल्याने ते हटतात. घरउंदराला त्याचे फारसे काही वाटत नाही.

माणसाशी त्याची सोबत शेतीपेक्षाही जुनी आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनारपट्टीवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी शिकारी-संग्राहक लोक एका जागी दीर्घकाळ राहू लागले, तेव्हाच घरउंदीर त्यांच्या वस्तीत स्थिरावल्याचे तिथे सापडलेल्या दातांवरून दिसते. मांजर नंतर आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहेत.

उंदीरबंदीचे सगळे गणित एका आकड्यावर उभे आहे : ६ मिमी. डोके आत गेले की अंग आपोआप जाते आणि घरउंदराचे डोके सुमारे तेवढ्याच फटीतून जाते. ज्या भोकात शिसपेन्सिल सरकते, ते भोक उंदराचे दार समजावे. मोठ्या उंदरांसाठी हीच मर्यादा सुमारे १२ मिमी धरतात. शिवाय हा प्राणी खरबरीत विटांवरून व लाकडावरून सरळ उभा चढतो, केबल किंवा दोरीवरून चालतो आणि उभ्या उभ्या सुमारे ३० सेंमी उडी मारतो. फट लहान असली तरी ती मोठी करायचे हत्यार त्याच्या तोंडात आहे. मराठीत पुढच्या दातांना पटाशीचे दात म्हणतात आणि हे नाव उंदराइतके कोणालाच शोभत नाही. या दातांच्या पुढच्या बाजूला कठीण दंतवल्क असते, मागे त्यापेक्षा मऊ दंतिन. मागची बाजू आधी झिजते आणि धार आपसूक लागत राहते. दात आयुष्यभर वाढतात. लाकूड, प्लॅस्टिक, रबर, फोम, शिसे, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि अजून पुरता न वाळलेला गिलावा हे सगळे ते कुरतडतात. पोलादी पत्रा, काच व पक्के काँक्रीट मात्र त्यांना दाद देत नाही.

उंचावरची कोठारे : ‘चढू न देणे’ हा उपाय फार जुना आहे आणि एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांत तो जवळजवळ सारख्याच रूपात दिसतो. जपानमध्ये यायोई या प्राचीन काळातली कोठारे खांबांवर उचललेली असत आणि खांबाच्या माथ्यावर लाकडाची रुंद आडवी फळी बसवीत. शिझुओका येथील तोरो या पुरातत्त्वस्थळी अशी कोठारे पुन्हा उभारून दाखवली आहेत. स्पेनच्या वायव्य भागातील ‘ओरेओ’ या कोठारांच्या खांबांवर सपाट दगडी चकत्या असतात, तर इंग्लंडमध्ये अळंबीच्या आकाराच्या दगडांवर धान्यकोठारे उभी करीत. खांबावरून वर आलेल्या उंदराला चकतीच्या खालच्या पृष्ठभागावर उलटे लटकून कडा ओलांडावी लागते आणि तिथेच तो हरतो. अर्थात कोठाराला टेकवून शिडी विसरली, तर सगळा दगडी थाट वाया जातो. आजच्या शेडमध्ये भिंतीला टेकलेल्या फळ्या आणि छपरावर झुकलेल्या फांद्या त्या शिडीचेच काम करतात.

पाहणी : उंदीर रात्री फिरतो, त्यामुळे प्राण्यापेक्षा खुणा शोधाव्या लागतात. घरउंदराची लेंडी ३ ते ६ मिमी लांब व टोकदार असते, मोठ्या उंदराची १२ मिमीच्या पुढे. ताजी लेंडी काळी, चकचकीत व मऊ असते. जुनी फिकट पडते आणि चिमटीत चुरते. चिचुंद्रीला अनेक जण उंदीर समजतात, पण ती कीटकभक्षी आहे आणि तिच्यासाठी धान्याचे आमिष लावून काही साधत नाही. उंदीर मिशांच्या स्पर्शाने भिंतीकडेने धावतो, म्हणून ठरलेल्या वाटेवर अंगाच्या तेलकट मळाचे पट्टे उमटतात. संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर पसरला तर सकाळी पावलांचे ठसे मिळतात. फटी शोधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे भर दुपारी आत जाऊन दारे-खिडक्या लावून घेणे आणि दिवे मालवून दोन मिनिटे उभे राहणे. जिथून उजेड येतो तिथून उंदीर येतो. जमिनीलगतच्या काही फटी गवताआड दडतात. तिथे बाहेरून बॅटरी मारायला दुसरा माणूस लागतो.

फटी बुजवणे : हमखास राहून जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत : दाराचे खालचे दोन्ही कोपरे, सरकत्या दाराच्या रुळाची टोके, पाइप व केबल भिंतीतून जातात ती भोके, आणि नालीदार पत्र्याची टोके. पत्र्याच्या प्रत्येक लाटेखाली एक तयार बोगदा असतो. शेड पत्र्याची असूनही उंदीर कुठून येतात असे विचारणाऱ्यांना उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते. या लाटा सिमेंटने किंवा लाटेच्या आकारात कापलेल्या पोलादी पट्टीने बंद करतात. नुसता स्प्रे फोम भरला तर उंदीर तो कुरतडून घरट्याला वापरतो. फोमच्या आत तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी कोंबली तर तो टिकतो. साधी लोखंडी वूलही चालते, पण ओलाव्यात गंजून काही महिन्यांत तिची भुकटी होते.

हवेची भोके बुजवू नयेत. साठवलेले धान्य श्वसन करते आणि कोंदट शेडमध्ये यंत्रे गंजतात. अशा भोकांवर ६ मिमी किंवा त्याहून बारीक छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश बसवावी. षट्कोनी छिद्रांची कोंबडीजाळी कोंबड्या अडवते, उंदीर नाही. लाकडी दाराच्या खालच्या ३० सेंमी भागावर पत्रा ठोकतात आणि दार व उंबरा यांतली फट ६ मिमीच्या आत आणतात. जमीन कच्ची असेल तर भिंतीच्या पायथ्याशी जाळी सुमारे ३० सेंमी खोल पुरून तिचे खालचे टोक तेवढेच बाहेर वळवतात. भिंतीलगत उकरणारा उंदीर जाळीवर आपटतो, आणि मागे सरून उकरायचे त्याला सुचत नाही. हे काम नवी शेड बांधताना स्वस्तात होते, नंतर मात्र कंबर मोडते.

शेडभोवतीचे गवत काढून पाऊण ते एक मीटर रुंद खडीचा पट्टा ठेवला तर उंदराला उघड्यावरून यावे लागते आणि ते तो टाळतो. आत माल जमिनीपासून व भिंतीपासून निदान ३० सेंमी दूर, पॅलेटवर रचावा. अन्नाची गोदामे सांभाळणारे भिंतीकडेच्या त्या मोकळ्या पट्टीला पांढरा रंग देतात, म्हणजे एक लेंडीही लपत नाही. खाद्य व बियाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.

साठवलेली यंत्रे : उभे यंत्र म्हणजे उंदराच्या दृष्टीने तयार घर : वरून छप्पर, आत अंधार, सीटमध्ये कापूस वा फोम, आणि मळणीयंत्र असेल तर फराळही. घरटे एका रात्रीत होते. नुकसान मात्र यंत्र सुरू केल्यावर कळते. हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनांत, उदाहरणार्थ गवत कापण्याच्या यंत्रात, पंख्याच्या आवरणाखाली घरटे असले की सिलिंडरच्या पात्यांवरून वारा जात नाही आणि इंजिन तापून बसते. ट्रॅक्टरमध्ये केबिनचा एअर फिल्टर, डॅशबोर्डमागची पोकळी आणि एक्झॉस्टचे तोंड या आवडत्या जागा आहेत. एक्झॉस्टजवळचे कोरडे घरटे पेटू शकते.

सगळ्यांत महाग पडते ते वायरिंग. तारांचे जुडगे (हार्नेस) उंदराच्या वाटेत येते, दाताखाली मऊ लागते आणि वेष्टन गेल्यावर शॉर्टसर्किट होते. दोष शोधायला मेकॅनिकला पूर्ण हार्नेस सोडवावा लागतो. हल्लीच्या तारांची वेष्टने सोयाबीनसारख्या वनस्पतिज पदार्थांपासून बनतात म्हणून उंदीर येतात, असे बोलले जाते. पण त्याआधीच्या तारांनाही उंदीर सोडत नव्हते, तेव्हा दोष फक्त सोयाबीनवर ढकलण्यात अर्थ नाही.

यंत्र उभे करण्यापूर्वी ते रिकामे करणे हे निम्मे काम आहे. मळणीयंत्र व पेरणीयंत्र मोकळे चालवून, सफाईची झाकणे उघडून, हवेच्या झोताने कानाकोपऱ्यांतले दाणे आणि भुसा काढावा. झाकणे नंतर उघडीच ठेवावीत. ट्रॅक्टरचे बोनेटही उघडे ठेवण्याची रीत आहे, कारण उजेड व वारा खेळत असलेल्या जागी उंदीर घरटे करायला कचरतो. हा उपाय अर्धामुर्धाच आहे, पण फुकट आहे. यंत्र भिंतीपासून दूर, मोकळ्या फरशीच्या मध्यावर उभे करावे. वरून लोंबणाऱ्या साखळ्या-दोऱ्या त्याला टेकू देऊ नयेत. हवा आत घेणारी नळी व एक्झॉस्ट जाळीने बंद करावेत, चिंधीचा बोळा कोंबू नये. तो घरट्याचा कच्चा माल आहे. जिथे जिथे जाळी लावली त्याची चिठ्ठी किल्लीलाच बांधावी, नाहीतर सहा महिन्यांनी ती कोणालाही आठवत नाही. ताडपत्री घडी घालून ठेवण्यापेक्षा तारेवर टांगलेली बरी. मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचून वर-खाली जाळी लावतात, कारण मेणाच्या पोळ्यांत उंदीर आनंदाने हिवाळा काढतात.

सापळे आणि विष : बाहेरच्या फटी बंद झाल्यावर आत अडकलेल्यांसाठी सापळे. लाकडी फळीवरच्या स्प्रिंगच्या सापळ्याचे पेटंट अमेरिकेत विल्यम हूकर यांना १८९४ मध्ये मिळाले आणि त्यात फारसा बदल करायची गरज अजून पडलेली नाही. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवतात. घरउंदराचा वावर बहुधा ३ ते १० मीटरांतच असतो, म्हणून सापळे दोन-तीन मीटरवर दाटीने लावावेत. महिनाभर दोन सापळे लावण्यापेक्षा तीन रात्री वीस लावणे जास्त कामी येते. मोठा उंदीर नव्या वस्तूला दिवसेंदिवस बिचकतो. घरउंदीर पहिल्याच रात्री चौकशीला येतो. चिकट पाट्यांवर प्राणी तासन्‌तास तडफडत मरतो. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून सामान्य नागरिकांना त्या वापरण्यास बंदी आहे.

विषांतले सर्वपरिचित वॉरफरिन कोठारातल्याच एका दुखण्यातून आले. बुरसटलेले स्वीट क्लोव्हर गवत खाऊन उत्तर अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरत होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातला रक्त न गोठू देणारा पदार्थ वेगळा केला, आणि त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये मूषकनाशक म्हणून बाजारात आले. दहा वर्षांतच, १९५८ मध्ये, स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर आढळले. पुढची ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडायोलोन ही विषे जास्त जहाल आहेत. ती मेलेल्या उंदराच्या अंगात टिकतात आणि त्याला खाणाऱ्या घुबडापर्यंत, मांजरापर्यंत पोहोचतात. यंत्रांच्या शेडमध्ये विषाची आणखी एक अडचण म्हणजे उंदीर आमिषाचे दाणे नेऊन यंत्रातच साठवतो आणि मरतोही तिथेच, हात न पोहोचणाऱ्या नळीत.

मांजर व घुबड उंदरांची संख्या कमी करतात, शेड उंदीरमुक्त करत नाहीत. शिवाय मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी गेला तर मेंढ्या गाभडतात. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवण्याचा दावा करणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये ६० हून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना दाव्यांना शास्त्रीय पुरावा द्या, अशी तंबी दिली होती. हा आवाज पोत्यामागे पोहोचत नाही आणि उंदीर त्याला सरावतात. पुदिन्याचे तेल व डांबरगोळ्या यांचा वास उघड्या शेडमध्ये लवकर विरतो.

सफाई : उंदरांच्या मलमूत्रातून सॅल्मोनेला, लेप्टोस्पायरोसिस आणि काही प्रदेशांत हंटाव्हायरस पसरतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हंटाव्हायरसने जीवघेणा श्वसनविकार झाला. तो तिथल्या रानटी डिअर माउसकडून आला होता. वाळलेल्या लेंड्यांची धूळ श्वासातून आत जाते, म्हणून बंद शेड उघडल्यावर कोरडा झाडू मारू नये. आधी अर्धा तास दारे उघडून हवा खेळू द्यावी. हातमोजे घालून, एक भाग ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी घालून केलेले द्रावण घरट्यावर व लेंड्यांवर शिंपडावे आणि पाचेक मिनिटांनी पुसून घ्यावे. एकही जुनी लेंडी मागे ठेवू नये. मग पुढच्या पाहणीत जी दिसेल ती नवीच असते.